चार माणसांची खोली

आईने वही केली होती. निळी, पन्नास पानी,
माझ्या शाळेच्या वर्षातून उरलेली.
एका पानावर एक हॉटेल:
नाव, फोन, रात्रीचा भाव,
त्याखाली शहराचा कर, राज्याचा कर,
त्याखाली 'सुविधा शुल्क',
त्यात कुणाची सुविधा ते कुणी सांगेना.
बेरीज लाल पेनाने.
फेब्रुवारी संपेपर्यंत सव्वीस पानं लाल.

बफेलोहून न्यूयॉर्क, बसने आठ तास.
पॉलच्या डाव्या डोळ्याचे डॉक्टर तिथे.
सोमवारी ते बघणार, शुक्रवारी पुन्हा बघणार,
मधल्या दिवसांचं काय करायचं
हा प्रश्न डॉक्टरांच्या खात्यातला नव्हता.

फोन रात्री नवानंतर, तेव्हा मिनिटं स्वस्त.
"फॅमिली स्वीट आहे का?" आई विचारायची,
चर्चमध्ये वापरायची तो आवाज काढून.
असायचा. मग आकडा यायचा.
"मिस्टरांना विचारून कळवते," म्हणून ती फोन ठेवायची.
मिस्टर समोरच, बर्फाच्या ट्रकवरून आलेले,
बूटसुद्धा न काढता
मान हलवत.

सत्ताविसावं पान: नदीच्या अलीकडे, क्वीन्समध्ये,
एका बाजूला टायरवाला, दुसरीकडे टॅक्सी धुतात ते आवार.
स्वीट म्हणजे एक पलंग,
ओढला की पलंग होणारा सोफा,
आणि मधे पडदा, म्हणून दोन खोल्या.
विजेची शेगडी. म्हणजे जेवण घरचं.
माणसं चार. पाचवं आलं तर दुसरी खोली घ्या.

आम्ही सहा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ठीक,
पण अंथरूण चौघांचं आणि पाय बारा.
बाबांनी स्वयंपाकघरात बसून डोकी वजा केली:
पॉल आणि मिच जुळे, ते एक धरायचे,
एका वेळी एकानेच दिसायचं.
आणि बुशा, म्हणजे बाबांची आई,
तिने कुणीतरी दुसरीच बाई व्हायचं.

बुशाला ते फार आवडलं.
तिने टोपी विकत घेतली.

सोमवारी पॉल डोळ्यावर पांढरी पट्टी घेऊन आला
आणि सगळं गणित फसलं.
आईने बाथरूममध्ये मिचला उभं केलं,
त्याच्या धडधाकट डोळ्यावर तशीच पट्टी चिकटवली.
चार दिवस दोघंही भिंतींना धडकत होते.
मिच रडला नाही. पॉल हसला,
त्या आठवड्यात तेवढंच.

बुशा रोज रात्री अकरापर्यंत लॉबीत,
हातात पेपर, आमची ओळख नसल्यासारखी.
डेस्कवर टेकेस्ते नावाचा माणूस, अस्मारा गावचा.
पहिल्याच रात्री तिने त्याला सगळं सांगितलं होतं:
जुळे, पट्टी, टोपीची किंमत,
बाबा लहानपणी गादी ओली करायचे तेसुद्धा.

बुधवारी दार वाजलं.
बाहेर घडीची खाट, त्यावर सहा टॉवेल.
"तुमची खोली चुकली," बाबा म्हणाले.
"चुकली असेल," टेकेस्ते म्हणाला,
"पण मला इथेच ठेवायला सांगितलंय."
कुणी, ते त्याने सांगितलं नाही.
बाबा बराच वेळ त्या खाटेवर बसून राहिले, दिवा न लावता.
आईने वहीत लिहिलं: खाट, शून्य.

पॉलच्या त्या डोळ्याला आता उजेड कळतो, माणसं नाही.
बुशा गेली. टोपी माझ्याकडे.
टायरवाल्याच्या जागी काचेची इमारत,
तिच्यातली एक रात्र आमच्या त्या आठवड्याहून महाग,
हे मी काल पाहिलं, मोबाईलवर,
मुलांना शहर दाखवायचं म्हणून शोधताना.

प्रौढ किती? मुलं किती?
आम्ही पाच. खरोखरच पाच,
आणि पाचाचे पैसेही आहेत.
बोट तरी चारावरच जातं.
मग मी मुलांना विचारते,
यंदा कोण लपणार.