मोजणी

छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांची जमीन मोजली.
आधी साखळी, मग फीत, मग मशीन.
हिंगोली, सेनगाव, कळमनुरी.
भाऊ भावाकडे पाठ करून उभा, मधे मी,
फितीचं दुसरं टोक धरायला सरकारी शिपाई.
हातभर बांधासाठी माणसं काय काय बोलली
ते नकाशात उतरत नाही.

आता सूसच्या चढावर, खडीच्या डंपरमागे,
रिक्षात मी आणि प्रयाग.
लेक म्हणते, बाबा, इकडंच या आता.
दवाखाने जवळ, मी जवळ, हवा बघा कशी.
हवा खरंच गार होती,
सिमेंटचा वास सोडला तर.

सॅम्पल फ्लॅट पत्र्याच्या शेडमध्ये.
चपला बाहेर काढायला लावल्या, देवळासारख्या.
टेबलावर मेणाची सफरचंदं,
फळीवर पुस्तकं, आत कोरी.
प्रयागनं सवयीनं बेसिनचा नळ सोडला.
नळामागं पाईपच नव्हता.
ती काही बोलली नाही.
नळ मात्र तिनं घट्ट बंद केला.

मी खिशातून फीत काढली.
बेड पाच फूट चार इंच.
मी पाच फूट सात.
"खोली मोठी दिसावी म्हणून, सर,"
सुखदा म्हणाली, बावीस-तेवीसची, गळ्यात ओळखपत्र,
खरं बोलून गेली आणि दचकली.
दारांना दारं नाहीत तीही त्याचसाठी ना?
मग मात्र हसली.
कार्पेट सहाशे बारा.
जिना, लिफ्ट, गच्ची, बाग आणि थोडी हवा धरून
आठशे साठ.
पंच्याऐंशी लाख. पार्किंग वेगळं.

अकराव्याचा स्लॅब पडलेला.
पिवळ्या टोप्या घालून वर गेलो.
समोर टेकडी, वैशाखात वाळलेली,
कडेनं गिरिपुष्पाची खुरटी रांग,
आणि कुणीतरी कुत्र्याला फिरवतंय, मुंगीएवढं.
"हिल व्ह्यू," सुखदा म्हणाली,
"फुटामागे दीडशे जास्त."
ही टेकडी राहील?
"सर, आरक्षण आहे तिच्यावर. कोणी हात लावू शकत नाही."

पोरी, मी आरक्षणं पाहिलीत.
शाळेची, बागेची, स्मशानाची.
ती पेन्सिलीनं काढलेली असतात
आणि खोडरबर कुणाच्या खिशात असतो
तेही मला माहीत आहे.
ब्याण्णव साली, एकदाच,
मी मान दुसरीकडे वळवली होती.
यातलं काही बोललो नाही.
उतारावर चुना लावलेला हद्दीचा दगड दिसत होता.
सरकवलेला दगड ओळखू येतो,
भोवतीची माती ताजी असते.
अकरा मजल्यांवरून माती दिसत नाही.

शेजारच्या तयार इमारतीच्या वॉचमनला पाण्याचं विचारलं.
"टँकर. उन्हाळ्यात दिवसाला चौदा."
बोलण्यावरून ओळखलं. गाव?
"औंढ्याच्या अलीकडं."
प्रयागनं पिशवीतली शेंगापोळी त्याच्या हातावर ठेवली,
मुलीसाठी आणलेली.
तो म्हणाला, पगार बरा आहे,
झोप दुपारी होते.

लेकीला म्हणालो, कळवतो.
कळवतो म्हणजे काय, तिनं विचारलं.
मी इतक्या लोकांना पुढची तारीख दिली आहे
की तो आवाज मला आपोआप लागतो.

घरी आलो. पोस्टाच्या मागं, दोन खोल्या, ओटा,
मोरीजवळ शेवगा.
सुखदाचा मेसेज: सर, ऑफर रविवारपर्यंत.
हे घर मी कधी मोजलं नव्हतं.
रात्री साडेदहाला फीत काढून बसलो.
प्रयाग भांडी आवरून आली,
काही न विचारता दुसरं टोक उचललं,
गुडघ्यावर हात ठेवून कोपऱ्यात वाकली,
आणि तिथूनच म्हणाली,
"कुठं धरू?
भिंतीच्या आतून, का बाहेरून?"