तार तुटली तर

पहिल्या दिवशी तीन मिनिटं ठरवली होती.
चाळीस सेकंदांत मल्लिनाथला तहान लागली,
तहसीनचं पान फाटलं,
आणि श्रावणी म्हणाली, बाई, वाचून झालं, आता काय करू?
तिच्या हातातलं पुस्तक उलटं होतं.

घंटी. परत सगळे चादरींवर.
चादरी कारखान्यानं नाकारलेल्या,
लावण्याचे वडील खांद्यावरून घेऊन आले एका शनिवारी.
म्हणाले, काठाला चूक आहे, पण बसायला काय होतंय.
मोर आहेत त्यांवर. एका मोराला पाय तीन.

कार्डशीटवर मी नियम लिहिले होते, हिरव्या स्केचपेननं:
बोलायचं नाही. जागा सोडायची नाही.
आपलं आपण वाचायचं,
बाईंना हाक मारायची नाही.
शेवटचा नियम मलाच जड गेला.
एकवीस वर्षं हाकेसरशी धावलेले पाय,
ते टेबलाखाली घट्ट धरून बसले.

गुरुवारी साडेदहाला वीज गेली नीलम नगरची.
भिंतीपलीकडचे माग एकेक करून थांबले,
आणि आमच्या वर्गात पस्तीस माना वर.
आज पप्पांची हजेरी कापणार,
राजेशम म्हणाला. आज ऊन आहे म्हणावं, तसा.

मी या पोरांकडे
पाच दिवस शांतता मागत होते!
त्यांना ती माझ्याआधीपासून ठाऊक होती.
ती आली की आई तांदळाचा डबा उघडते,
आत बघते,
झाकण लावते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या नियमावर काट मारली.
ओठ हलू देत, म्हटलं. आवाज बारीक, पण चालू ठेवा.
आणि चालू झाला वर्ग.
तेलुगूच्या हेलात मराठी, कानडीच्या हेलात मराठी,
तहसीन प्रत्येक ओळीच्या शेवटी एक 'जी' लावायची, छापलेला नसताना.
कुणी विडीच्या पानाची शीर चाचपावी
तसं अक्षरावरून बोट नेत होतं.

अंबिका 'स्वच्छ'पाशी अडकली.
स... सव...
डोळे माझ्याकडे आले, तोंड उघडलं,
माझा एक पाय टेबलाखालून सुटलाही.
राजेशमनं मान न वळवता सांगितलं,
तार तुटली तर मालकाला बोलवत नाहीत गं.
आपणच गाठ मारायची.

तिनं मारली. 'सवछ'.
गाठ वाकडी बसली, कापड पुढं सरकलं.

तेव्हापासून आमच्याकडे जोडाक्षराला गाठ म्हणतात.
केंद्रप्रमुख आले तेव्हा मल्लिनाथनं त्यांना विचारलं,
सर, तुम्हाला 'राष्ट्र'ची गाठ येते का?
मी खिडकीबाहेर बघितलं.

पाच मिनिटं झाली, मग सात.
गड्ड्याच्या जत्रेनंतर परत चारवर,
सगळ्यांच्या डोक्यात पाळणे फिरत होते.
एका सोमवारी तर दोनच,
आणि त्या दोनातही मी एकदा ओरडले.
खोटं कशाला सांगू.

फेब्रुवारीत, बाराव्या मिनिटाला,
पुन्हा वीज गेली. पंखा मंदावला. माग थांबले.
मान वर झाली ती माझी एकटीची.
खाली खटखट चालूच,
पस्तीस ओठांची,
छे, चौतीस.

श्रावणीचं पुस्तक बाजूला पडलं होतं.
ती चादरीवर पालथी, बोटानं मोराचे पाय मोजत.
पुन्हा मोजले. मग पेन्सिल शोधली,
दातांनी टोक काढलं,
आणि कुणी सांगितलेलं नसताना वहीत लिहिलं:
मोरला तिन पाय आहे. मि बघीतल.

लाल पेन माझ्या खिशातच होतं.
राहिलं खिशात.