लेव्हल

जांभ्याच्या भिंतीत स्क्रू धरत नाही
हे शनिवारी अकरा वाजता कळलं.
भोकातून लाल पीठ गळत राहिलं
माझ्या केसांत, तुझ्या चहात.
मग तू फणसाच्या ढलपीच्या गिट्ट्या तासल्यास,
ठोकल्यास, म्हणालास, आता बघ.
बघितलं.
फळी डावीकडे उतरलेली,
जराशीच, म्हणजे लिंबू घरंगळेल इतपत.

रविवारी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला गेलो.
काम काहीच नव्हतं.
धक्क्यावर भजी खाल्ली,
हार्डवेअरवाल्याकडे पितळी कड्या हाताळल्या,
भाव ऐकून ठेवून दिल्या.

येताना सुट्ट्या पैशांसाठी पिशवीत हात घातला
तर हाताला लेव्हल लागली.
रहाट्यांची. कालच परत द्यायची होती.
तू ती बोटीच्या कठड्यावर आडवी धरलीस.
हिरव्या पाण्यातला बुडबुडा
इकडे गेला, तिकडे गेला,
आणि खाडीच्या मध्यावर
दोन रेघांच्या आत येऊन थांबला.
"आत्ता!" आपण दोघंही ओरडलो.
स्कूटरवरचा मासळीवाला दचकून
आधी आपल्याकडे, मग पाण्याकडे बघायला लागला.

फळीवर अजून काही मांडलेलं नाही.
फक्त ते लिंबू,
आणि ते पडू नये म्हणून
तू लावलेली आगपेटी.