रिकामी खोकी

दिवाळीचे कंदील उतरायच्या आतच
माझ्या मॉलमध्ये बर्फ पडतो.
तो मीच पाडते, रात्री अकरानंतर शिडीवर चढून,
किसलेला थर्माकोल, वर चिमूटभर अभ्रक.
खालून वॉचमन विचारतो, मॅडम, यंदा कुठला रंग?
गेल्या वर्षी सोनेरी होता. त्याआधी निळा.
यंदा शेवाळी, तसा वरून मेल आलाय.
पुढल्या वर्षी शेवाळी कुणी फुकटसुद्धा घेणार नाही.

काचेमागे मी हरणं उभी करते,
त्यांच्या पायाशी भेटींची खोकी रचते,
सॅटिनच्या फिती, कडक गाठी.
सगळी खोकी रिकामी असतात.
एकदा एक पोरगं काचेला नाक चिकटवून म्हणालं,
यांच्यात काय आहे?
आई म्हणाली, खूप काय काय.
मी आतून ऐकत होते. हातात स्टेपलर.

मरोळच्या गावठणात अजून कशाचाच पत्ता नाही.
क्रुसाच्या चौथऱ्यावर कुणाच्या तरी गोधड्या वाळताहेत.
आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी फादर जांभळ्या झग्यात आले,
वेदीवर फुलं नव्हती,
चारातली एकच मेणबत्ती पेटवली
आणि पंख्याच्या वाऱ्याने तीही दोनदा विझली.
जागे राहा, असं वाचन होतं.
जागी तर मी होतेच, रात्रपाळीमुळे.
डोळे उघडे एवढ्यावर जागं म्हणायचं का,
हे विचारायचं राहून गेलं.

दुसरी मेणबत्ती पेटली की
शेजारची पास्कीनबाय नाचणी पेरते.
करवंट्यांत अंगणातली माती, भिजवलेले दाणे,
वर ओलं फडकं, आणि खाटेखालचा काळोख.
गोठ्याला कुरण नको? म्हणते,
मेंढरं काय तुझा थर्माकोल खातील?
मी म्हटलं, बाजारात तयार मिळतं, गुंडाळीच्या गुंडाळी,
धुतलं की पुढल्या वर्षी परत हिरवं.
मिळत असेल, ती म्हणाली,
आणि करवंट्या मोजत बसली.

फडकं उचलून बघायचं नाही, हा तिचा नियम.
मी दुसऱ्याच दिवशी उचललं.
माती होती. नुसती माती.
लाज वाटली, दुसऱ्याचं पत्र उघडल्यासारखी.

शनिवारी कन्फेशनच्या रांगेत उभी राहिले.
मनात घोकून नेलं होतं सगळं: राग, आळस,
वसईला आईला महिनाभर फोन नाही.
जाळीपाशी गुडघे टेकले आणि तोंडातून भलतंच निघालं,
फादर, मी रिकाम्या खोक्यांना फिती बांधते.
पलीकडे बराच वेळ फक्त पंखा ऐकू आला.
मग म्हणाले, रात्री वेळेवर जेवतेस का?
आणि तीन नमो मरिया.
बाहेर आले तेव्हा फुलांच्या कुंडीशी उभी राहून
आईला फोन लावला. ती झोपली होती. चालेल म्हणाली.

आता गुलाबी मेणबत्तीचा आठवडा.
मॉलमध्ये शेवाळीवर तीस टक्के सूट लागली आहे,
आणि निरोप आलाय: सव्वीसला सकाळपर्यंत सगळं उतरवा,
संक्रांतीचे पतंग टांगायचेत.
एका हरणाचं शिंग मोडलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या ढिगातलं एक खोकं मी घरी आणलंय.
फीत सोडून भाचीला दिली, ती तिने कुत्र्याला बांधली.
झाकण काढलं.
आरेच्या तबेल्यातून मूठभर पेंढा आणून आत पसरला,
शेणाचा वास आहे त्याला, राहू दिलाय.
पास्कीनबायने वाकून पाहिलं.
रिकामंच आहे गं, मी ओशाळून म्हटलं.
मग? ती म्हणाली. चोवीसच्या रात्रीपर्यंत
आत काय ठेवणार होतीस?

ती गेल्यावर झाडू मारताना तिच्या खाटेखाली नजर गेली.
फडकं मधोमध बोटभर वर आलंय.
मी हात लावलेला नाही.