दहा सेंटला एक पान

पोर्तोत, बोंफिमच्या चढावर, चर्च आणि दातांच्या दवाखान्याच्या मधे
माझं दुकान : वह्या, शिसपेन्सिली, वाढदिवसाच्या मेणबत्त्या
आणि एक झेरॉक्स मशीन,
जे प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला
वरपासून खालपर्यंत काळी रेघ ओढतं.
दोनदा माणूस येऊन गेला. पैसे घेऊन गेला.
रेघ आहे तिथंच.

गल्लीतली बातमी आधी माझ्याकडे येते,
काचेवर पालथी पडते,
तिच्याखालून उजेडाची पट्टी सरकते
आणि मी वाचत नसल्यासारखी वाचते.

गुरुवारी नऊ ते चार पाणी नाही. साठ प्रती.
दरवेळी चारच लिहितात.
पाणी सातला येतं, तेही तांबूस.

हर्मिनियो टोपी हातात धरून आला.
बायकोचा फोटो आणलेला, कुठल्याशा लग्नातला कापून घेतलेला.
कोपऱ्यात कुणाचा तरी खांदा राहिला होता, निळ्या कोटातला.
"हा कोण?" मी विचारलं.
"मीच," तो म्हणाला.
"काढू का?"
त्यानं खूप वेळ विचार केला.
मागं दोघं उभी होती, दातांच्या दवाखान्याची चिठ्ठी घेऊन.
"असू दे," म्हणाला.
ती आता बेकरीच्या काचेवर हसते आहे, त्या खांद्याला टेकून,
तारीख, वेळ, चर्चचं नाव,
आणि कडेनं माझी रेघ.

दिलमायानं भाजीचं दुकान टाकलंय, जुन्या चावीवाल्याच्या जागी.
तिचा कागद मी सुधारून दिला, सात चुका.
आठवी ठेवली.
'ताज्या कोथिंबिरीसह आपली वाट बघते'
कोण कुणाची वाट बघतंय ते त्यातून कळत नाही,
पण कोथिंबीर खपते.

एक्केचाळीस नंबरचे सगळे एकदमच आले,
जिन्यावरच्या क्रमानं उभे, तळमजला पुढं.
वकिलाचं पत्र : एकतीस मार्चपर्यंत घर मोकळं करा.
बारा बिऱ्हाडं, बारा प्रती.
पहिली प्रत निघाली तेव्हा कुणीतरी हळूच म्हणालं,
"आता खरं वाटतंय."
मी पैसे घेतले नाहीत.
मग रात्री हिशेब लिहिताना एक युरो वीस सेंट
कुठं मांडावेत ते कळेना,
'शाई' म्हणून मांडले.

आणि देओलिंदा.
ट्राममध्ये तिकिटं फाडण्यात तीस वर्षं गेली तिची,
अजून बोलते तेव्हा दारात उभी राहूनच बोलते.
तिचा बाल्तझार हरवला, जून महिन्यात.
कासव. ताटलीएवढं. पाठीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका.
तीस प्रती, फोन नंबरासकट.
पोरं हसली. "कासव पळालं, आणि तुम्ही बघत राहिलात?"
ती म्हणाली, "मी पंधरा मिनिटं झोपले होते."

ऑगस्ट संपता संपता ती पुन्हा आली.
तीन गल्ल्या खाली, शाळेच्या मागच्या अंजिराखाली सापडला.
दिसायला होता तसाच, फक्त ठिपका थोडा झिजलेला.
"तीस प्रती दे," म्हणाली. "सापडला, म्हणून."
मी म्हटलं, बाई, कशाला खर्च?
हरवल्याचे कागद उन्हानं पिवळे पडलेत, गळतील आपोआप.
ती चिडली.
"तीस घरं वाकून वाकून गाड्यांखाली बघतायत,
त्यांना सांगायला नको?
अजून किती दिवस वाकायचं त्यांनी?"

असलं काम या मशीनवर कधी आलं नव्हतं.
मीही गेले तिच्यासोबत, दुपारी दुकान ओढून घेऊन,
डिंकाची बाटली माझी, कागद तिचे.
बेकरी, बसथांबा, दिलमायाची कोथिंबीर.
एक्केचाळीसच्या दारावर वकिलाचं पत्र होतं, कुणी तरी लावलेलं.
देओलिंदा थांबली. वरून खाली वाचलं तिनं, ओठ हलवत.
मग आपला कागद त्याच्या शेजारी लावला,
जरा तिरका, पण रेघेला रेघ भिडवून.

वरच्या खिडकीतून कुणी विचारलं, "काय झालं?"
"बाल्तझार आला परत!"
"कोण?"
"खाली या, सांगते," ती म्हणाली,
आणि जिन्यावर खरंच पावलं वाजली.