पूल खाली

बॅटन रूजच्या त्या खोलीला खिडकी नाही.
वादळ आमच्यापर्यंत आकड्यांतून येतं,
दर तीन तासांनी, बुलेटिनच्या शेपटीला बांधलेलं.
माझ्या टेबलावर पाटी : वाहतूक समन्वय, रात्रपाळी.
पाटीखाली कुणीतरी चिकटवलेला
प्लास्टिकचा खेकडा.

दुपारपासून विनंत्या येतायत.
क्रमांक २११७ : व्हीलचेअर चढेल अशा चार बस,
सेंट ओडिलॉनच्या वृद्धाश्रमातली एकसष्ट माणसं.
२१२० : जनरेटर.
२१२४ : तोच जनरेटर, अधिक उद्गारचिन्हं घालून.
बस मिळाल्या. ड्रायव्हर मिळेनात.
शाळेच्या बस चालवणारे आपलीच पोरं गाडीत कोंबून
उत्तरेला निघून गेलेले; त्यांना काय बोलणार?
शेवटी तुरुंगखात्याचे चौघे आले, गणवेशातच.
एकानं विचारलं, म्हाताऱ्यांना बेड्या घालायच्या नाहीत ना?
हसलो आम्ही.
नंतर बराच वेळ कुणी हसलं नाही.

मग फोनवर इग्नास दार्दार,
बायूवरच्या उचलपुलाचा राखणदार.
बाई, म्हणाला, खालून बोटी येतायत,
कोळंबीवाल्यांच्या. तेवीस मोजल्या.
वरच्या अंगाला सायप्रसच्या झाडीत आसरा शोधतायत.
पूल वर असेल तर त्या सुटतील,
खाली असेल तर तुझ्या बस.
वारा चाळीसच्या वर गेला
की मला पूल टेकवून कुलूप घालायचंय, आणि मग मी मोकळा.
आत्ता चौतीस आहे.
बोल.

नकाशावर तो पूल
कापलेल्या नखाएवढा.

मी म्हटलं, उचल.
बारा बोटी गेल्या. त्यानं एकेकीचं नाव सांगितलं,
मी विचारलं नव्हतं तरी.
मग रेडिओवर पहिली बस : पुलापाशी आलोय,
आत एक बाई ऑक्सिजनवर,
सिलिंडरचा काटा लाल पट्टीत.
वारा सदतीस.
मी म्हटलं, खाली.

वरच्या मजल्यावर गव्हर्नर, बाह्या दुमडून,
कॅमेऱ्यांना सांगत होते,
कुणालाही वाऱ्यावर सोडणार नाही.
खाली मी अकरा बोटी
वाऱ्यावर सोडल्या होत्या.
दुसरा शब्द सुचला नाही, आजही नाही.

चौथी बस पार झाली. एकेचाळीस.
इग्नासनं कुलूप घातलं, पण गेला नाही.
पुलाखालून थुआन लाम नावाच्या कप्तानाचा आवाज,
शांत, दुकानात काही मागावं तसा :
दोरी आहे का? जाड? सहाशे फूट?
मी विनंती नोंदवली. २१३१.
दोरीला आमच्याकडे सांकेतांक नाही.
वाळूच्या पिशव्यांना आहे, बर्फाला आहे,
मेलेली गुरं उचलण्याला आहे.
मी 'इतर' लिहिलं
आणि फोन फिरवत बसले : बंदर, आरमार, हार्डवेअरची दोन दुकानं.
शेवटी अग्निशमन केंद्रात एक मुलगी सापडली, क्लोविस,
म्हणाली, दोरी नाही, पण फाटके जुने होज आहेत,
चालतील?

त्या रात्री अकरा बोटी
आग विझवायच्या नळ्यांनी
पुलाच्या खांबांना बांधल्या गेल्या.
मग टॉवर पडला
आणि त्या भागाचा आवाज बंद झाला.
पडद्यावर तो पट्टा राखाडी,
जणू तिथं कधी कुणी राहतच नव्हतं.
मी खेकड्याचा एक पाय मोडला.
मुद्दाम नाही.

सकाळी : एकसष्ट माणसं, एकसष्ट सह्या.
२११७ पूर्ण.
नऊ बोटी तरंगताना दिसल्या.
२१३१ पुढे दोनच पर्याय होते, पूर्ण किंवा रद्द.
ती अजून उघडी आहे.
दर सोमवारी यंत्रणा मला आठवण करते.

तीन आठवड्यांनी, रविवारी, मी खाली गेले.
खांबाला एक पिवळा होज तसाच लोंबत होता,
गाठ इतकी ओढली गेलेली
की सुटली नसती, कापावीच लागली असती.
घंटी वाजली, फाटक पडलं, पूल वर गेला :
एक एकटी बोट, नव्या रंगाची, सावकाश.
पुढच्या गाडीतल्या माणसानं हॉर्न वाजवला.
मी इंजिन बंद केलं.
काच खाली केली.