अबोली

आप्पांना तो शब्द शेवटपर्यंत नीट जमला नाही.
ॲबलोनी म्हणत, कधी ॲबोलनी.
आईनं त्याचं अबोली करून टाकलं
आणि स्वतः नऊ दिवस अबोला धरला.

कारण होतंच. मिल बंद पडून दीड वर्ष झालेलं,
हिशेबाच्या पैशांचा पहिला हप्ता हातात आलेला,
आणि हा माणूस भायखळ्याच्या कुणा वाद्यवाल्याकडून
वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक शिंपला घेऊन येतो!
बाहेरून कसा, तर परदेशीपुऱ्यातली उखडलेली फरशी.
"वर भोकं आहेत," आई दहाव्या दिवशी बोलली,
"भोकांचे म्हणून काही कमी केले का?"

आप्पांनी तो उताणा केला, दाराकडे धरला.
कबुतराच्या मानेवर असतो तो रंग,
पण कबुतर उडून गेलेलं.
तीस वर्षं मागावर काढलेला माणूस. म्हणाला,
"ताणा निळा आहे. बाणा गुलाबी.
मधेच हिरवा कुठून घातलाय, कळत नाही."

कापायचा तो पाण्यातच.
त्याची भुकटी छातीत बसते;
आणि कापसाच्या धुळीनं खोकणारे
आमच्या चाळीत कमी नव्हते.
म्हणून नळ येईल त्या दिवशी, एक दिवसाआड,
परातीत नर्मदा भरून आप्पा बसत.
केसाएवढी करवत, तोंडाला ओला पंचा,
आणि टॉर्च धरून मी.

दुधट पाणी मोरीतून जाई.
मी सहावीत होते, भूगोल ताजा होता.
नर्मदा पश्चिमेला जाते. पण आमची मोरी
कान्ह नदीत, कान्ह क्षिप्रेत,
क्षिप्रा चंबळेत, चंबळ यमुनेत,
म्हणजे हा भुगा भलत्याच समुद्राला लागणार.
आप्पांना सांगितलं. करवत थांबली.
"पत्ता चुकला," म्हणाले, "पण घर तेच ना?"
आणि पुन्हा सुरू.

अकरा पानं निघाली, तांदळाहून जरा मोठी.
उमाताई चांदोरकरांच्या तानपुऱ्याला
दांडीवर वेल चढला.
बाई रामबागेत मुलींना सा लावायला शिकवत.
मी एकदाच गेले होते; डोळे मिटा म्हणाल्या,
मी मिटले नाहीत, आमची पानं मोजत बसले.
पुढे तो तानपुरा कुणाकडे गेला, माहीत नाही.

उरलेला शिंपला माझ्याकडे.
गेल्या महिन्यात विजयनगरहून एक गृहस्थ आले.
त्यांच्याकडे काचेचं कपाट आहे, आतून दिवे,
प्रत्येकाखाली चिठ्ठी.
भिंग काढून भोकं मोजली.
चार उघडी, बाकीची बुजलेली.
हा वाढतो तशी मागची बुजवत जातो, म्हणाले,
पुढे नवी ठेवतो, श्वासाला.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
"पण कापलाय हो कुणीतरी. अखंड असता तर..."
पोहे मात्र शेव घालून दोनदा घेतले.

आज सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं गल्लीत शिरलं
आणि मी तो पिशवीत घालून खाली गेले.
का, ते विचारू नका. घर आवरणं चाललंय.
पोरानं पिशवीत डोकावून पाहिलं.
"आंटी, ये गीला है कि सूखा?"

मी नुसती उभी.
मागे रिक्षा, रिक्षामागे दूधवाला, हॉर्न.
पोरगं वाट पाहून निघून गेलं,
गाणं वळणापाशी बारीक झालं.

नळ आला होता.
परात भरली, अबोली पालथी आत सोडली.
चार भोकांतून बुडबुडे आले,
एका भोकाचे जरा उशिरा.